समांतरभुज चौकोन आणि त्याचा एकच कोन

समांतरभुज चौकोनाच्या कोनांविषयी आठवी-नववीतल्या कोणत्याही मुलाला विचारले, तर तो एका दमात दोन वाक्ये म्हणून दाखवतो : संमुख कोन समान असतात, आणि लगतच्या कोनांची बेरीज १८० अंश असते. मी नाशिकमध्ये गेली बरीच वर्षे या इयत्तांच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि ही दोन वाक्ये पाठ नसलेले मूल मला क्वचितच भेटले आहे. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. या दोहोंपैकी कोणते वाक्य कोणाच्या आधारावर उभे आहे, असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात, कारण वहीत ती दोन्ही एकाखाली एक, १ आणि २ असे क्रमांक देऊन, एकाच रंगाच्या चौकटीत लिहिलेली असतात. माझे म्हणणे असे आहे की ती सारख्या तोलाची नाहीत. निदान कोनांपुरते पाहिले तर लगतच्या कोनांचे वाक्य हेच मूळ आहे. संमुख कोनांचे वाक्य त्यातून दोन ओळींत निघते, आणि शिकवण्याचा क्रमही तसाच असायला हवा.

चौकोन अबकड हा समांतरभुज आहे असे धरू. याचा अर्थ अब आणि डक या भुजा समांतर आहेत, अड आणि बक याही समांतर आहेत, आणि यापलीकडे आपल्याला काहीही दिलेले नाही. आता अब ही भुजा म्हणजे अड आणि बक या दोन समांतर रेषांची छेदिका आहे, अशा नजरेने आकृतीकडे पाहायचे. छेदिका म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे दोन आडव्या रेषांना कापत दूरवर जाणारी तिरकी रेषा येते, त्यामुळे चौकोनाची एवढीशी भुजा छेदिका कशी असेल, हे त्यांना चटकन पटत नाही. म्हणून मी चारही भुजा दोन्ही टोकांकडून पट्टीने वाढवून घ्यायला लावते. मग प्रत्येक शिरोबिंदूपाशी दोन रेषा आरपार जाताना दिसतात, आणि कोन अ व कोन ब हे छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन आहेत हे सांगावे लागत नाही. आंतरकोनांच्या प्रमेयानुसार त्यांची बेरीज १८० अंश. हाच विचार बक ही छेदिका धरून केला की कोन ब आणि कोन क यांची बेरीजही १८० अंश येते. म्हणजे कोन अ हा कोन ब चा पूरक, कोन क हाही कोन ब चाच पूरक, आणि एकाच कोनाचे दोन पूरक कोन एकमेकांएवढे असल्याखेरीज गत्यंतर नाही. संमुख कोनांचे प्रमेय इथे संपले. कर्ण काढावा लागला नाही, त्रिकोण एकरूप दाखवावे लागले नाहीत.

पाठ्यपुस्तकात सहसा दुसरी वाट घेतलेली असते. कर्ण काढायचा, व्युत्क्रम कोनांच्या दोन जोड्या दाखवायच्या, को-बा-को (कोन-बाजू-कोन) कसोटीने दोन त्रिकोण एकरूप ठरवायचे, आणि मग संगत भुजा व संगत कोन समान म्हणून मोकळे व्हायचे. ही वाट फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातले ३४वे विधान याच पद्धतीने सिद्ध केलेले आहे. तिचा फायदा असा की संमुख भुजा समान असतात हेही त्याच झटक्यात हाती लागते, आणि भुजांसाठी कर्णाला पर्याय नाही हे मला मान्य आहे. परंतु कोन आणि भुजा यांची मोट एकत्र बांधल्यामुळे मुलांचा असा समज होतो की कोनांचे नाते भुजांच्या लांबीवर अवलंबून आहे. तसे ते मुळीच नाही. समांतरभुज चौकोनाच्या भुजा वाटेल तेवढ्या लांब-आखूड केल्या, पण दिशा बदलली नाही, तर एकाही कोनाचे माप केसभरसुद्धा हलत नाही.

याच्या उलट प्रकार पाहायचा असेल, म्हणजे भुजा जशाच्या तशा आणि कोन मात्र सतत बदलणारे, तर मेन रोडवरच्या किंवा भद्रकालीतल्या जुन्या दुकानांची सरकती लोखंडी जाळीची दारे पाहावीत. त्यांना सगळे चॅनल गेट म्हणतात. उभ्या चॅनलांच्या मधून तिरक्या पट्ट्या एकमेकींवरून जातात, जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे एक रिव्हेट ठोकलेला असतो, आणि अशा चार रिव्हेटांच्या मधे एक समभुज चौकोन तयार होतो. दुकान बंद असताना दार पसरलेले असते आणि हे चौकोन रुंद दिसतात. त्यांच्या वरच्या टोकाचा कोन समजा १०० अंश असेल, तर बाजूचा ८० अंश असतो. सकाळी दुकानदार दार ओढून एका कडेला गोळा करतो, तेव्हा तेच चौकोन उंच आणि चिंचोळे होतात. वरचा कोन आवळत आवळत २० अंशांवर येतो आणि बाजूचा तितकाच फाकत १६० अंशांवर जातो. पट्टीचे दोन रिव्हेटांमधले अंतर अर्थातच तेवढेच राहते. वरच्या कोनाने ८० अंश गमावले, बाजूच्या कोनाने ८० अंश कमावले. बेरीज कुठल्याही क्षणी १८० अंशांवरून ढळली नाही.

या दारापाशी दोन मिनिटे थांबून एकाच रिव्हेटकडे नीट पाहिले, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. रिव्हेटभोवती चार कोन असतात. समोरासमोरचे कोन हे विरुद्ध कोन म्हणून समान. शेजारशेजारचे कोन रेषीय जोडीतले म्हणून त्यांची बेरीज १८० अंश. म्हणजे समांतरभुज चौकोनाच्या चार कोपऱ्यांत जे चार कोन विखुरलेले असतात, तेच चार कोन एका रिव्हेटभोवती एकत्र नांदत असतात. पट्टीवरून पुढच्या रिव्हेटकडे गेले की संगत कोनांमुळे पुन्हा तेच दोन आकडे भेटतात, आणि असे करत अख्ख्या दारावरून फिरून आले तरी तिसरा आकडा कुठे सापडत नाही. शेकडो कोन असलेल्या त्या जाळीत ठरवायचा कोन फक्त एक आहे. मला समांतरभुज चौकोनाविषयी एकच गोष्ट सांगायची मुभा असती, तर मी हीच सांगितली असती : चार कोपरे असले तरी कोन निवडण्याचे स्वातंत्र्य एकदाच मिळते.

किराणा दुकानातल्या, खाली दांडी आणि वर पारडी असलेल्या जुन्या काट्यातही हेच तत्त्व दडलेले आहे. रोबर्व्हाल या फ्रेंच गणितज्ञाने १६६९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हा काटा मांडला. वरची दांडी, तिला समांतर अशी खाली लपवलेली दुसरी दांडी, आणि दोन्ही टोकांना त्या दांड्यांना जोडणारे उभे दांडे, अशी त्याची रचना असते. दांडी कलली की तिचा मधल्या खांबाशी असलेला कोन बदलतो, आणि समांतरभुज चौकोनाचे कोन एकमेकांना बांधलेले असल्यामुळे टोकाच्या दांड्याशी असलेला कोन बरोबर तेवढाच बदलून तो दांडा पुन्हा उभाच राहतो. म्हणून पारडे वर-खाली होते पण तिरके होत नाही, त्यातली साखर सांडत नाही. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आल्यामुळे मुलांना हा काटा दाखवायचा तर शोधावा लागतो.

संमुख कोनांच्या समानतेला आणखी एक आधार आहे, तो न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुठ्ठ्याचा समांतरभुज चौकोन कापून तो कागदावर ठेवावा, त्याची कड पेन्सिलीने गिरवावी, कर्ण जिथे छेदतात तिथे टाचणी खुपसावी आणि पुठ्ठा अर्धा फेरा फिरवावा : तो स्वतःच्याच बाह्यरेषेवर नेमका बसतो, अ च्या जागी क येतो आणि ब च्या जागी ड. ही झाली सममिती. सममितीचा हा आधार इतका भक्कम आहे की तो गोलावरसुद्धा टिकतो. पृथ्वीगोलावर चार महावर्तुळांच्या (म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळांच्या) तुकड्यांनी संमुख भुजा समान असलेला चौकोन काढला, तर त्याचे संमुख कोन समानच निघतात. परंतु लगतच्या कोनांची बेरीज मात्र १८० अंशांहून जास्त भरते, कारण गोलावर चौकोनाच्या चार कोनांची बेरीजच ३६० हून अधिक असते. म्हणजे सपाट कागदाचे सपाटपण ज्यात उतरले आहे, युक्लिडचे समांतर रेषांविषयीचे पाचवे गृहीतक ज्यात मुरले आहे, ते वाक्य लगतच्या कोनांचे. नववीतल्या मुलांना यातले गोलाचे प्रकरण सांगायची गरज नाही. टाचणीचा प्रयोग मात्र जरूर करून घ्यावा. दहा मिनिटे लागतात.

परीक्षेतल्या उदाहरणांकडे वळू. बैजिक राशी देऊन कोन काढायला सांगणे हा या प्रकरणातला ठरलेला प्रश्न आहे. मी मुलांना मुद्दाम असे एक उदाहरण घालते : समांतरभुज चौकोन पफबभ मध्ये कोन प = (४क्ष − १०) अंश आणि कोन फ = (३क्ष + १५) अंश, तर क्ष ची किंमत काढा. वर्गातले अर्धे जण दोन राशी समान मांडतात, अर्धे त्यांची बेरीज १८० लिहितात, आणि दोन्ही गटांना उत्तर २५ येते.

“मॅडम, तेच आलं की! मग कसंही केलं तर चालतं?”

“आधी चारही कोन लिही.”

चारही कोन ९० अंश निघतात. प आणि फ हे लगतचे शिरोबिंदू आहेत, त्यामुळे त्यांच्या कोनांना समान मांडण्याचा अधिकार कोणी दिलेला नव्हता. चौकोन योगायोगाने आयत असल्यामुळे चुकीच्या वाटेने गेलेला माणूसही मुक्कामी पोहोचला. लगेच दुसरे उदाहरण द्यायचे : कोन प = (५क्ष + ४) अंश, कोन फ = (३क्ष + १६) अंश. समान मांडणाऱ्यांना क्ष = ६ मिळतो आणि चारही कोन ३४ अंशांचे येतात, ज्यांची बेरीज १३६ आहे; असा चौकोन कोणी कागदावर काढून दाखवावा. बेरीज मांडणाऱ्यांना क्ष = २० मिळतो, आणि कोन १०४, ७६, १०४, ७६ असे येतात. पहिल्या प्रकारचे उदाहरण प्रश्नपत्रिकेत कधीही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते तपासणाऱ्याला काहीच सांगत नाही. शिकवताना मात्र त्यासारखे दुसरे हत्यार नाही.

आता व्यत्यासाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. संमुख कोनांच्या दोन्ही जोड्या समान असतील तर चौकोन समांतरभुज असतोच का? असतो, आणि पुन्हा लगतच्या कोनांच्या मार्गानेच ते कळते. कोन अ आणि क प्रत्येकी य, ब आणि ड प्रत्येकी र मानले, तर २य + २र = ३६०, म्हणजे य + र = १८०; लगतच्या कोनांची बेरीज १८० आली की आंतरकोनांच्या कसोटीने समोरासमोरच्या भुजा समांतर ठरतात. इथवर मुले सहज येतात. मग कोणीतरी हमखास विचारते की दोन जोड्या कशाला, एकच जोडी समान असली तर भागणार नाही का. भागत नाही, संक्रांतीला आकाशात उडणारा पतंगच त्याची साक्ष आहे, त्याचे डावे-उजवे कोन समान असतात पण वरचा आणि खालचा कोन समान असायची सक्ती नाही.

यावर चलाख मुले सौदा करू पाहतात : बरे, कोनांची एक जोडी समान आणि त्याशिवाय संमुख भुजांचीही एक जोडी समान, एवढे दिले तर? ऐकायला हे अगदी पुरेसे वाटते. कर्ण काढला की दोन त्रिकोणांत एक भुजा समान, कर्ण सामाईक, एक कोन समान, असे तीन घटक मिळतात, आणि बा-को-बा लिहून मोकळे होण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु तो कोन त्या दोन भुजांच्या मधला नसतो, कर्णासमोरचा असतो, आणि म्हणून ती कसोटी लागू पडत नाही. हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून पुठ्ठा आणि कात्री घ्यावी.

पायाचे कोन ५०-५० अंश आणि शिरःकोन ८० अंश असलेला एक समद्विभुज त्रिकोण कापावा. शिरःकोनाचे ३० आणि ५० अंश असे दोन भाग पडतील अशी एक रेषा शिरोबिंदूपासून पायापर्यंत ओढावी आणि त्या रेषेवर त्रिकोण कापून दोन तुकडे करावेत. कापलेली कड दोन्ही तुकड्यांत सारख्याच लांबीची आहे. आता एक तुकडा जागेवर ठेवून दुसरा पालथा करावा आणि त्याची कापलेली कड पहिल्या तुकड्याच्या कापलेल्या कडेला अशी जोडावी, की आधी जे टोक वर होते ते आता खाली येईल. जो चौकोन तयार होतो त्याचे कोन क्रमाने ११०, ५०, १५० आणि ५० अंश भरतात. मूळ त्रिकोणाच्या दोन समान भुजा या चौकोनात समोरासमोर आल्या आहेत, म्हणजे संमुख भुजांची एक जोडी समान. पायाचे दोन कोन समोरासमोर आले आहेत, म्हणजे संमुख कोनांची एक जोडी समान. आणि तरीही ११० म्हणजे १५० नव्हे, ११० अधिक ५० म्हणजे १८० नव्हे, त्यामुळे हा समांतरभुज चौकोन नाही. पाया असमान तुकड्यांत कापला गेला होता, म्हणून उरलेल्या दोन भुजाही असमान आहेत. ज्या मुलाने हा चौकोन स्वतःच्या हाताने जुळवला आहे, तो पुन्हा बा-को-बा लिहिताना कोन कुठला आहे हे पाहतो, असा माझा अनुभव आहे.

कर्णाचा विषय निघालाच आहे, तर त्याच्याविषयीचा एक हट्टी गैरसमजही इथेच काढून टाकू. समांतरभुज चौकोनाचा कर्ण शिरोबिंदूच्या कोनाचे दोन समान भाग करतो असे मुले न विचारता धरून चालतात, आणि याला फळ्यावरच्या आकृत्या बऱ्याच अंशी जबाबदार आहेत, कारण आपण शिक्षक मंडळी घाईत चारही भुजा जवळजवळ सारख्याच काढतो. कर्ण कोन दुभागतो तो केवळ समभुज चौकोनात. एरवी कोनाचा मोठा वाटा आखूड भुजेकडे जातो आणि लहान वाटा लांब भुजेकडे. तीन बाय चार फुटांच्या आयतातसुद्धा कर्ण ९० अंशांचे ४५-४५ करत नाही; साधारण ३७ अंश चार फुटी भुजेला आणि ५३ अंश तीन फुटी भुजेला मिळतात. व्युत्क्रम कोनांमुळे हेच दोन तुकडे समोरच्या शिरोबिंदूपाशी जागा बदलून दिसतात.

तीन बाय चार फूट हे माप मी उगीच घेतलेले नाही. आमच्या पंचवटीतल्या घराच्या खिडकीची लाकडी चौकट बसवायला सुतारकाका आले होते, तेव्हा त्यांनी भिंतीत चौकट उभी केली, चारही कोपऱ्यांना गुण्या लावून पाहिला आणि तरीही शेवटी टेप काढून चौकटीची दोन्ही तिरकी अंतरे मोजली. कोपऱ्याला गुण्या लावला होता ना, मग पुन्हा हे कशाला, असे मी विचारले.

“ताई, गुण्यात एवढंतेवढं कळत नाही. हा कोपरा त्या कोपऱ्याला आणि तो याला, दोन्हीकडं टेप सारखा आला की चौकट गुण्यात.”

त्यांच्या म्हणण्यातले गणित करून पाहण्यासारखे आहे. चौकटीच्या समोरासमोरच्या पट्ट्या मापाने समान कापलेल्या असतात, त्यामुळे ती वाकडी झाली तरी समांतरभुज चौकोनच राहते; बदलतो तो फक्त तो एकुलता एक कोन. तो ९० ऐवजी ८९ अंश झाला, तर लगतचा कोन ९१ होतो, एक कर्ण लांबतो आणि दुसरा आखडतो. तीन बाय चार फुटांच्या चौकटीत बरोबर बसल्यावर दोन्ही कर्ण पाच-पाच फूट असतात. एका अंशाच्या फरकाने ते सुमारे ५.०४ आणि ४.९६ फूट होतात, आणि त्यांच्यातले अंतर जवळजवळ बरोबर एक इंच भरते. पाच अंशांचा फरक पडला तर कर्णांत पाच इंचांचा फरक दिसतो. छोट्या गुण्याच्या कडेवर एक अंश म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारी फट, तर टेपवर तोच अंश इंचभर होऊन समोर येतो. लांब कर्ण नेहमी लघुकोनांच्या शिरोबिंदूंना जोडतो, त्यामुळे चौकट कोणत्या बाजूला ठोकायची हेही त्या दोन मापांवरून कळते.

कोनदुभाजकांचे प्रकरण मी इथे थोडक्यात उरकते. लगतच्या दोन कोनांची बेरीज १८० असल्यामुळे त्यांच्या निम्म्यांची बेरीज ९०, म्हणून लगतच्या कोनांचे दुभाजक एकमेकांना काटकोनात छेदतात आणि चारही दुभाजक मिळून आतमध्ये एक आयत तयार होतो. एवढे बहुतेक पुस्तकांत असते. पुस्तकांत सहसा नसलेली गोष्ट अशी की त्या आयताचा कर्ण मूळ चौकोनाच्या दोन असमान भुजांच्या फरकाएवढा असतो. भुजा १२ आणि ८ सेंटिमीटर असतील, तर कोन कोणताही असो, आतल्या आयताचा कर्ण ४ सेंटिमीटरच. भुजा समान केल्या की फरक शून्य, आयत एका बिंदूत विरून जातो, आणि समभुज चौकोनाचे कर्ण हेच त्याचे कोनदुभाजक का असतात हे आपसूक कळते.

ज्यांना शाळेचे गणित मागे पडून बराच काळ लोटला आहे, त्यांनाही या कोनांशी गाठ पडते ती जमिनीच्या व्यवहारात. पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगाव या बाजूंना शेतजमिनीचे ले-आउट पडत गेले, आणि जिथे रस्ता शेताच्या बांधाला तिरका जातो, तिथे कडेचे प्लॉट आयत न राहता समांतरभुज चौकोन होणे ओघानेच आले. असा प्लॉट ३० बाय ५० चा म्हणून सांगितला जातो आणि ऐकणारा मनातल्या मनात १५०० चौरस फूट असा गुणाकार करून टाकतो. तो गुणाकार कोन ९० अंश असतानाच खरा असतो. कोपऱ्यातला लघुकोन ७५ अंश असेल, तर ५० फुटांच्या बाजूवर टाकलेला लंब ३० नव्हे तर सुमारे २९ फूट भरतो आणि क्षेत्रफळ साधारण १४४९ चौरस फूट निघते. ५१ चौरस फूट कागदावरसुद्धा नसतात. इथे नववीतली मुले एक चांगला प्रश्न विचारतात : लघुकोनाऐवजी १०५ अंशांचा विशालकोन घेतला तर? त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या ३० फुटी बाजूच्या दुसऱ्या टोकापासून लंब टाकला तर तो प्लॉटच्या बाहेर, वाढवलेल्या ५० फुटी बाजूवर पडतो, आणि तिथे बनणाऱ्या काटकोन त्रिकोणातला कोन १८० वजा १०५, म्हणजे पुन्हा ७५ अंशच असतो. क्षेत्रफळासाठी चारांपैकी कुठलाही कोपरा घेतला तरी चालते, ते याचमुळे.

जागेवर कोनमापक कोणी नेत नाही, पण टेप नेतो. रस्त्याकडच्या एका कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर दहा-दहा फुटांवर खुंट्या ठोकाव्यात आणि त्या खुंट्यांमधले तिरके अंतर मोजावे. काटकोन असेल तर ते १४ फूट २ इंचांच्या किंचित आत येते. ७५ अंशांच्या कोपऱ्याला १२ फूट २ इंच, ६० अंशांच्या कोपऱ्याला नेमके १० फूट. मग रस्त्याकडच्याच दुसऱ्या कोपऱ्यापाशी तेच करावे. दोन कोपऱ्यांतल्या कोनांची बेरीज १८० असेल, तर या दोन तिरक्या अंतरांच्या वर्गांची बेरीज नेहमी ४०० येते. ७५ आणि १०५ अंशांच्या जोडीत ती अंतरे सुमारे १२.१८ आणि १५.८७ फूट असतात, वर्ग अनुक्रमे १४८ आणि २५२ च्या आसपास, बेरीज ४००. बेरीज ४०० आली की प्लॉटच्या आत जाणाऱ्या दोन बाजू समांतर आहेत, आणि त्या लांबीला सारख्या असल्या तर पाठीमागची बाजू न मोजताही प्लॉट समांतरभुज चौकोन ठरतो. बेरीज ४०० हून बरीच जास्त आली तर दोन कोनांची बेरीज १८० च्या पुढे गेलेली आहे, म्हणजे बाजू मागे फाकत चालल्या आहेत आणि प्लॉट गोमुखी आहे. ४०० हून कमी आली तर तो मागे निमुळता होत जाणारा, ज्याला लोक व्याघ्रमुखी म्हणतात, तसा आहे. या दोन्ही प्रकारांत समांतरभुज चौकोनाचे एकही सूत्र न वापरता, सरळ एक कर्ण मोजून, दोन त्रिकोण पाडून क्षेत्रफळ काढावे.